गिरगाव ते गिरणगाव

मुंबई पाहून गावी परतलेल्या मनुष्याला विचारा, काय काय पाहिलेत? तो गेटवे सांगेल, राणीचा बाग सांगेल, चौपाटी सांगेल. या गोष्टी पाहाव्यातच. परंतु ज्या माणसांच्या कष्टांवर हे शहर उभे राहिले, त्यांची मुंबई पाहायची तर गाडीतून उतरून पायी हिंडले पाहिजे.

प्रारंभ गिरगावात करा. येथल्या चाळींतून कारकून, शिक्षक, छापखान्यातील जुळारी अशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव आजही होतो. चाळीच्या लांबलचक गॅलरीत उभे राहिले म्हणजे ध्यानात येते की, खोली लहान म्हणून माणसे बाहेर येत, आणि बाहेर येत म्हणून एकत्र येत.

तेथून भायखळ्याला येऊन डॉ. आंबेडकर मार्गाने उत्तरेकडे निघाले की लालबाग-परळ लागते. हे गिरणगाव. गिरगाव निराळे आणि गिरणगाव निराळे, हे मुलांना अवश्य सांगावे. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला मुंबईतील पहिली सूतगिरणी चालू झाली. पुढे लालबाग-परळकडे गिरण्यांची दाटी झाली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. एकेका गावच्या मंडळींनी मिळून एकेक गाळा भाड्याने घेतला. दिवसपाळीचा उठून कामावर गेला की त्याच जागी रात्रपाळीचा येऊन निजे. जेवण खानावळीत, आणि ती चालवी बहुधा एखाद्या कामगाराचीच बायको.

माझे वडील अशाच एका गाळ्यात राहत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. कित्येकांना पुन्हा काम मिळालेच नाही. काही वर्षांनी वडिलांनी मला तो गाळा दाखविला, तेव्हा भिंतीवर खुंट्या पुष्कळ होत्या आणि सदरे थोडे. वडील एकेका खुंटीकडे बोट दाखवून नाव सांगत होते: हा गावी गेला, हा आता भाजी विकतो. संपाची तारीख पुस्तकात सापडते; ती नावे सापडत नाहीत. आज पुष्कळशा गिरण्यांच्या जागी उंच इमारती आणि मॉल उभे आहेत.

आणखी पुढे दादर. हिंदू कॉलनीत शिरलात की रस्ते एकदम सरळ आणि रुंद दिसतील. याचे कारण प्लेग! १८९६ च्या साथीनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि शहरातील दाटीवर उपाय म्हणून त्याने दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती वसविल्या.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांची सहल मुंबईस न्याल तेव्हा एक दिवस या वाटेने चाला. ते जमणारे नसेल, तर आपल्याच गावात गिरणीत काम केलेले कोणी आजोबा असतील, त्यांच्याकडे मुलांना धाडा. गिरणी कोणती, खाते कोणते, गाळा कुठे होता, घरी मनिऑर्डर किती यायची, हे सारे वहीत उतरवून घ्या. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. हे काम पुढल्या वर्षावर टाकण्याजोगे नाही.