सायकलच्या शर्यतींतील संघ व नायक

सायकलची शर्यत म्हणजे ज्याचे पाय बळकट त्याची जीत, असें आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें. वस्तुतः लांब पल्ल्याच्या शर्यतींत स्वाराचा मुख्य शत्रु वारा होय. समोरून वारा असतां सायकलीवरून शाळेस येणाऱ्या विद्यार्थ्यांस याचा अनुभव असेलच. पुढचा स्वार वारा झेलतो; त्याच्या चाकामागें हातभर अंतरावर राहणाऱ्यास तोच वेग बऱ्याच कमी श्रमांत राखतां येतो. म्हणून एका संघाचे स्वार आळीपाळीनें पुढें येतात, पाण्याच्या बाटल्या पोंचवितात, आणि ज्यास जिंकवावयाचें त्याचें बळ अखेरच्या टप्प्यासाठीं राखून ठेवितात. पदक एकास मिळतें, घाम सर्वांचा गळतो. हौशी संघांत तर या श्रमाबद्दल वेतनहि नसतें. यास्तव कोणीं कोणासाठीं राबावें हें आधींच ठरलें पाहिजे, आणि पुढें कोण गेलें याची खबर सर्वांस असली पाहिजे. आमच्या मतें नायकाचें खरें काम हेंच. सर्वांत वेगवान असणें हें त्याहून दुय्यम.

ता. २५ जुलै २०२१ रोजीं टोकियो ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची १३७ किलोमीटरांची शर्यत झाली, ती या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. नेदरलंड्सच्या संघांत चौघी होत्या. त्यांपैकीं मारियान फोस व आना फान डर ब्रेगन यांनीं अनुक्रमें २०१२ व २०१६ सालीं हीच शर्यत जिंकली होती. आनमीक फान फ्लोटेन ही २०१९ सालची जगज्जेती. चौघीहि नायिका होण्यास योग्य! ऑस्ट्रियाकडून मात्र आना कीझेनहोफर ही एकटीच होती. ती गणितांतील डॉक्टर. त्या वेळीं कोणत्याहि धंदेवाईक संघाशीं तिचा करार नव्हता. आपला सराव व आहार तीच आंखीत असे.

शर्यत सुरू होतांच ती पुढें निसटली. तिजबरोबर पोलंड, इस्राएल, दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथील चौघी होत्या. एकमेकींच्या प्रतिस्पर्धी खऱ्या, तथापि वारा त्यांनीं वांटून घेतला व मोठी आघाडी मिळविली. पुढें दोघी मागें पडल्या. सुमारें ४१ किलोमीटर उरले असतां उरलेल्या दोघींसहि सोडून कीझेनहोफर एकटीच निघाली.

मागील मोठ्या जथ्यांत निराळाच प्रकार होता. डच संघ बलाढ्य, तेव्हां पाठलाग त्यानेंच करावा, अशी इतरांची अपेक्षा. ऑलिंपिकमध्यें स्वारांस बिनतारी यंत्र वापरूं देत नाहींत. म्हणून पुढें किती जणी आहेत याचा हिशेब स्वारांनाच ठेवावा लागतो, आणि डच संघांत नेमका तोच चुकला. पोलंडची व इस्राएलची स्वार गांठल्यावर आतां पुढें कोणी उरलें नाहीं, असा फान फ्लोटेनचा समज झाला. समाप्तीची रेषा ओलांडतांना तिनें हात उंचावून विजयाचा आनंद केला. कीझेनहोफर तेथें १ मिनिट १५ सेकंदांपूर्वींच पोंचली होती.

ता. २८ जुलै रोजीं घड्याळाविरुद्ध एकटीनें धांवण्याची शर्यत झाली. तींत चाकामागें कोणी नसतें आणि पुढेंहि कोणी नसतें. ती फान फ्लोटेननें जिंकली.