करमणुकीचा उपचार आणि सरकारी विमा

माझी आजी धवलारीन आहे. आगरी-कोळी वस्तीशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवले गात जी बाई पार पाडते, ती धवलारीन. आजीला सही करता येत नाही. पण रात्र सरेल आणि धवले उरतील, इतके ते तिला मुखोद्गत होते. कशेळीत आणि खाडीकाठच्या आसपासच्या गावांत तिला मान होता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचाही गेली. काकांच्या टेम्पोतून पूल ओलांडून आम्ही तिला ठाण्याच्या एका रुग्णालयात नेले. केशरी शिधापत्रिका होती, आरोग्यमित्राने कागद पाहिले आणि उपचाराचा खर्च सरकारी योजनेतून झाला. त्याबद्दल आमचे घर कृतज्ञच आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडे आले. 'व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' असे लिहिले. दुसरे काही लिहिता येईल हे मला तेव्हा सुचलेच नाही.

अकराव्या दिवशी आजी घरी आली. सोबत गोळ्या आणि 'व्यायाम करून घ्यावा' असा एक शेरा. व्यायाम शिकवणारे गृहस्थ काही दिवस घरी येत होते. पण वडील गोदामात हमाली करतात, ती फी पेलवेना. मग आजी खाटेवर बसून भिंतीकडे पाहू लागली. तिला पाणी हवे असले तरी 'पाणी' म्हणता येत नसे. आपले म्हणणे समजत नाही म्हणून ती रडे आणि ती रडते म्हणून आई रडे.

त्या उन्हाळ्यात शेजारी हळद होती. आजीला खुर्चीसकट उचलून मांडवात नेले. दुसऱ्या एका बाईने धवला सुरू केला आणि तिसऱ्या ओळीला आजीचा आवाज मिसळला. शब्दांसकट! जिला 'पाणी' म्हणता येत नव्हते तिने अख्खे कडवे म्हटले. मांडवातल्या बायका म्हणाल्या, देवीची कृपा. मी दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या सरांना गाठले.

त्यांनी सांगितले ते असे. या विकाराला वाचाघात म्हणतात. बोलण्याचे एक केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते हे ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली दाखवून दिले. पण गाण्याच्या कामात उजव्या भागाचाही मोठा वाटा असतो. म्हणून ज्यांचे बोलणे जाते त्यांपैकी काहींचे गाणे शाबूत राहते. याच आधारावर १९७३ साली बोस्टनच्या संशोधकांनी सूर-तालातून शब्द परत आणण्याची एक पद्धत मांडली. ती सर्वांना लागू पडत नाही आणि मूळची वाचा संपूर्ण परत येईल असेही कोणी म्हणत नाही. तरी पाठ असलेला धवला ओठांवर येणे आणि 'पाणी' हा शब्द हवा तेव्हा म्हणता येणे यांत जे अंतर आहे, ते पार करायला शिकलेला माणूस लागतो. आम्हाला तो मिळाला नाही.

येथे करमणूक आणि करमणुकीचा उपचार यांतला फरक सांगितला पाहिजे, कारण आमच्या घरातसुद्धा तो कोणाला पटत नव्हता. रुग्णाच्या खोलीत रेडिओ लावणे ही करमणूक झाली. आजारापूर्वी या माणसाला कशाची गोडी होती ते विचारणे, त्या गोडीचा उपयोग करून त्याचा हात, त्याची वाचा, त्याचे लक्ष किंवा माणसांत बसण्याची हिंमत परत आणणे आणि आठवड्यागणिक प्रगतीची नोंद ठेवणे, हा उपचार झाला. साधन गाण्याचे असेल, कॅरमचे असेल, बागकामाचे किंवा विणकामाचे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून औषधांच्या आणि समुपदेशनाच्या जोडीला संगीत, योग, खेळ यांना जागा आहे. ती केवळ वेळ घालवण्यासाठी नाही.

आमच्या गावात कोणी विचित्र वागले की 'याला ठाण्याला पोचवा' असे म्हणतात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. एवढ्या वर्षांत त्या थट्टेत काही बदल झालेला नाही. कायदा मात्र बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २० व्या कलमात मनोरुग्णांना विरंगुळ्याच्या आणि करमणुकीच्या वाजवी सोयी मिळण्याचा हक्क दिला आहे. २१ व्या कलमात तर असे म्हटले आहे की, प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करावी. पुढे २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात कला, नृत्य आणि हालचालींतून उपचार करणाऱ्यांच्या बरोबरीने करमणुकीतून उपचार करणाऱ्याचे नावही आले आहे. म्हणजे हा व्यवसाय आहे, हे सरकारने कागदावर मान्य केले. पैसे कोणी द्यायचे, एवढेच ठरायचे राहिले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हजाराहून अधिक उपचारांची यादी आहे आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची, तिचीही मर्यादा तेवढीच. परंतु दोन्ही योजना मुख्यतः खाटेवर दाखल असलेल्या रुग्णाभोवती बांधलेल्या आहेत. काही ठरावीक उपचारांनंतर पाठपुराव्याची सोय आहे. आठवड्यातून दोनदा येऊन तासभर गाऊन किंवा खेळून घरी जाणारा रुग्ण मात्र त्या चौकटीत बसत नाही.

अशा सेवेला विमा देताच येत नाही, हे खरे नाही. कामगार राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचार पहिल्यापासून आहेत. (ज्या भिवंडीत मी शिकते तेथे यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या पुष्कळांची नावे तिच्या नोंदीत नसतात, हे दुखणे वेगळे.) स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना आहे. तिच्या १ लाख रुपयांच्या संरक्षणात दीर्घकाळ चालणाऱ्या थेरपीचा खर्च धरलेला आहे. आजी त्या गटात बसत नाही, एवढेच. वाट पडलेली आहे. ती रुंद करायची आहे.

काही जण परदेशाचा दाखला देतील. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याची प्रमाणपत्र देणारी संस्था १९८१ पासून आहे. पण तेथेही सगळे आलबेल नाही. वृद्धांच्या मेडिकेअर विम्यात पुनर्वसन रुग्णालयात रोज साधारण तीन तास उपचारांची अपेक्षा असते. त्या तासांत २०१० पासून व्यायामोपचार, व्यवसायोपचार, वाचोपचार आणि कृत्रिम अवयवांसंबंधीची सेवा एवढेच मोजतात. करमणुकीचा उपचार रुग्णालयाने खुशाल द्यावा, तो हिशेबात धरला जात नाही. जे हिशेबात नाही ते पैशाची ओढाताण झाली की प्रथम बंद पडते, हे कळायला अमेरिकेत जावे लागत नाही.

वडिलांनी मला एक प्रश्न विचारला, आणि तो योग्यच आहे. डायलिसिसला माणसे रांगेत उभी असताना सरकारने गाण्याला पैसे द्यायचे? माझे म्हणणे एवढेच की आजीला वाचवण्यासाठी सरकारने खर्च केला. मग ती वाचल्यावर भिंतीकडे पाहत बसली तर त्या खर्चाचे निम्मे मोल वाया गेले. शिवाय तिच्याजवळ बसण्यासाठी आईने गोदामातले पॅकिंगचे काम सोडले, ती मजुरी कोणत्याच हिशेबात आलेली नाही. सर्वांना सर्व काही द्या असे मी म्हणत नाही. अर्धांगवायू, मेंदूला मार आणि दीर्घकाळचे मानसिक आजार, एवढ्यांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठरावीक बैठका, त्याही आधी फक्त सरकारी रुग्णालयांत. सुधारणा नोंदलेली दिसली तर पुढच्या बैठका मंजूर कराव्यात. खोटी बिले होतील ही भीती आहे. पण ती कोणत्या उपचाराबाबत नाही?

शिकलेली माणसे आणणार कोठून, हा आक्षेप अधिक कठीण आहे. आज ती थोडी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. मात्र १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली तेव्हा भारतातच काय, आशियातही तशी दुसरी शाळा नव्हती. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाई लग्न करून निंबकर झाल्या होत्या. पुढे १९५८ साली नागपूरलाही अशी शाळा निघाली, आणि आज व्यवसायोपचार हा शब्द रुग्णालयाच्या पाटीवर दिसतो.

आजी अजून 'पाणी' म्हणत नाही. पण त्या हळदीपासून मी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसते, एक धवला आम्ही दोघी म्हणतो, आणि शेवटची ओळ मी मुद्दाम अर्धवट सोडते. कधी ती पुरी करते, कधी माझ्याकडे बघून नुसती हसते. मी शिकलेली नाही, त्यामुळे त्यापुढे काय करायचे ते मला ठाऊक नाही. मागच्या तपासणीला नवा कागद भरताना 'व्यवसाय' च्या रकान्यात मी 'धवलारीन' लिहिले. खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचले आणि विचारले, "म्हणजे काय हो?" मागे रांग मोठी होती, तरी मी त्यांना सांगितले.