हसू आणि हसे

‘हसू’ आणि ‘हसे’ ह्या दोन मराठी शब्दांत अंतर आहे ते केवळ एका स्वराचे. परंतु हसू ज्याच्या ओठांवर येते तो मनुष्य घटकाभर सुखी होतो, आणि हसे ज्याचे होते त्याला चार माणसांत मान वर करणे अवघड जाते. दुसऱ्याला हसण्याच्या ज्या नाना तऱ्हा आहेत, त्यांच्यासाठी मराठीने विपुल शब्दभांडार जमविले आहे, आणि त्यातील प्रत्येक शब्दाचे वजन निराळे आहे.

ही वजने ओळखण्यास नामांपेक्षा त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे अधिक उपयोगी पडतात. गंमत, थट्टा, मस्करी ‘केली’ जाते. चिमटा ‘काढला’ जातो. फिरकी ‘घेतली’ जाते. कोपरखळी ‘मारली’ जाते. खिल्ली, टर आणि रेवडी मात्र ‘उडविली’ जाते. चिमटा काढावयाचा तर माणूस हाताच्या अंतरावर हवा, आणि कोपरखळी तर पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेल्यालाच पोहोचते. म्हणजे ह्या दोन्ही शब्दांत सलगी गृहीत धरलेली आहे. टोमणा दुरूनही मारता येतो, किंबहुना ‘लेकी बोले सुने लागे’ ह्या न्यायाने तो बहुधा तिसऱ्याच्या आडून येतो. उडविण्याच्या क्रियेत मात्र सलगी उरत नाही: तेथे उडविणारा जमिनीवर उभा असतो, भोवती प्रेक्षक असतात, आणि ज्याची खिल्ली उडते त्याच्या पायांखाली आधार म्हणून काही राहत नाही. थट्टेसारखा सौम्य शब्द घेतला तरी ‘थट्टा केली’ आणि ‘थट्टा उडविली’ ह्या दोन वाक्यांतला फरक कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

ह्यांपैकी कित्येक शब्द दूरचा प्रवास करून आलेले आहेत. ‘मस्करी’च्या मुळाशी अरबी ‘मस्खरा’ आहे आणि तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे रुळला. ‘फजिती’ ही मूळची ‘फजीहत’, म्हणजे उघड बेअब्रू. परंतु मराठीत ती इतकी निवळली, की प्रवासात झालेली आपली फजिती आपणच घरी येऊन हसत हसत सांगतो. ‘नक्कल’ हा शब्द तर कचेरीत आणि रंगमंचावर सारख्याच सहजतेने वावरतो. दस्तऐवजाची नक्कल मिळविण्यासाठी अर्ज करणारा आणि गावच्या पाटलाच्या चालण्याची नक्कल करणारा, दोघेही मुळाबरहुकूम प्रत काढीत असतात. संस्कृत ‘विडंबन’ शब्दाचाही मूळ अर्थ अनुकरण असाच आहे, आणि केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ ह्या संग्रहाने त्या अनुकरणाला मराठी काव्यात मानाचे पान मिळवून दिले.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित ही उत्तम प्रकृतीच्या माणसांची, विहसित व उपहसित ही मध्यमांची, आणि अपहसित व अतिहसित ही अधमांची. स्मितात गाल किंचित फुलतात पण दात दिसत नाहीत. उपहसितात नाकपुड्या फुगतात, दृष्टी वाकडी होते, खांदे आणि मस्तक आखडते. ज्या ‘हस्’ धातूला ‘उप’ लागून हे नाव सिद्ध झाले, त्याचाच आपला ‘उपहास’ हा शब्द. आणि एखाद्याला कुत्सितपणे हसणाऱ्याचा चेहरा आजही निरखून पाहिला, तर भरताचे निरीक्षण किती अचूक होते ह्याची साक्ष पटते.

उपहास सर्वथा त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही. तमाशातला सोंगाड्या भर फडात पाटलाची आणि सावकाराची रेवडी उडवितो, तेव्हा एरवी त्यांच्यापुढे मान खाली घालणारा गाव तेवढ्यापुरता मोकळा श्वास घेतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याच्या पोह्यां’त सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ह्या त्रिकुटाकरवी जीर्ण रूढींचे जे हसे केले, ते समाजाच्या हिताचेच होते. तेथे हसणारा दुर्बळ असतो आणि ज्याला हसावयाचे ते बलिष्ठ असते. हा क्रम उलटला म्हणजे जे उरते त्याला टवाळी म्हणतात.

प्राथमिक शाळेत आमच्या वर्गात एका खेड्यातून आलेला मुलगा होता. तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणे, कारण त्याच्या आईने त्याला तसेच शिकविले होते. मधल्या सुटीत माठापाशी आम्ही त्याच्याभोवती जमत असू आणि ‘पानी, पानी’ म्हणून त्याला वेडावीत असू. काही दिवसांनी वाचनाच्या तासाला ‘ण’ असलेला शब्द आला, की तो थांबू लागला. मग ओळ अर्धी सोडून, पुस्तक मिटून खाली बसू लागला. गुरुजींनी विचारले तेव्हा आम्ही एका सुरात सांगितले, की आम्ही नुसती थट्टा करीत होतो. त्यांनी आमची कैफियत मान्य केली. त्या मुलाला कोणी काही विचारलेच नाही.

तो निवाडा चुकीचा होता असे मला आज निश्चित वाटते. अशा प्रत्येक कज्जात करणारा सौम्य शब्द उचलतो आणि सोसणाऱ्याच्या वाट्याला येतो तो ‘हसतील त्याचे दात दिसतील’ हा समजुतीचा बोल. ती म्हण धीर देते खरी, पण सहन करण्याचा सारा भारही त्याच्याच शिरावर ठेवते. करणाऱ्याला जाब विचारणारी म्हण दुसरी आहे: मस्करीची कुस्करी होते. पण कुस्करी झाली की नाही हे कुस्करणाऱ्या हाताला कळत नाही. म्हणून घडल्या प्रकाराला थट्टा म्हणावे की टवाळी, हे ठरविण्याचा अधिकार, ज्याच्यावर हसले गेले त्याचाच असला पाहिजे. मराठीने ह्या कामी इतके नेमके शब्द देऊन ठेविले आहेत, ते केवळ हसणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हेत. माठापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाला त्या दिवशी नुसते विचारले असते, तरी त्याने आपला शब्द बरोबर निवडला असता.