गाडी चारशे घोड्यांची, पकड चार पोस्टकार्डांची

मंडळी, दिवाळी आटोपली, घड्याळं एक तास मागे गेली की आपल्या घराघरांतून ठरलेली कामं सुरू होतात. बॉयलर तपासून घेणे, माळ्यावरून जाड कोट उतरवणे, फराळाचे उरलेसुरले डबे संपवणे आणि डिसेंबरातल्या मुंबईच्या तिकिटांचे भाव पाहून सुस्कारे सोडणे. या यादीत एक काम मात्र सहसा नसतं. ते म्हणजे दारातल्या गाडीच्या टायरकडे एकदा वाकून बघणे.

साध्या गाडीला हे चालून जात असेल. पण एजवेअर, स्टॅनमोर, मिल हिल या आपल्या भागात मराठी घरांसमोर दिसणाऱ्या गाड्या आता साध्या राहिलेल्या नाहीत. कुणी पन्नाशीला तरुणपणचं स्वप्न पुरं करतो आणि पोर्शे आणतो. कुणाचा मुलगा सिटीत नोकरीला लागतो आणि पहिल्या बोनसात जुनी का होईना, पण एम मालिकेतली बीएमडब्ल्यू दारात उभी करतो. आणि 'आम्ही बुवा पर्यावरणवाले' म्हणत विजेची गाडी घेणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही, की शून्यापासून साठ मैलांचा वेग चार सेकंदांत गाठणारी त्यांची ती सोज्ज्वळ सलून मुळात स्पोर्ट्‌स कारच आहे. हौसेला मोल नसतं, आणि हौस करायला आमची ना नाही. पण या गाड्यांची आणि इथल्या थंडीची गाठ पडते तेव्हा नेमकं काय होतं, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा समजून घ्यावं म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्यापैकी अनेकजण ज्या गाडीवर शिकले त्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन होतं १०८९ सीसीचं. ताकद साधारण ४० अश्वशक्ती. १९७५ साली पोर्शेने ९११ टर्बो काढली तेव्हा तिच्या २६० अश्वशक्तीनेच भल्याभल्यांना घाम फुटला होता. २०२० साली आलेल्या ९११ टर्बो एसची ताकद आहे ६५०. म्हणजे एका गाडीत सोळा पद्मिनी! पण रस्त्याला टेकतात ते टायर तेव्हाही चारच होते आणि आजही चारच आहेत.

जरा हिशोब मांडून पाहू. गाडीचं वजन १६०० किलो धरा, म्हणजे एका टायरवर ४०० किलो. टायरात ३६ पौंड हवा. तर रस्त्याला प्रत्यक्ष चिकटलेली जागा भरते सुमारे १६० चौरस सेंटिमीटर. आपल्या पोस्टाच्या १४ बाय ९ सेंटिमीटरच्या पोस्टकार्डापेक्षा जराशी मोठी. 'पण आमचे टायर चांगले रुंद आहेत!' असं कुणी म्हणेल. हवेचा दाब तेवढाच असेल तर रुंद टायरने ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार तेवढा बदलतो. ती आखूड आणि आडवी होते. कोरड्या रस्त्यावर वळताना त्याचा फायदा मिळतो, पण साचलेल्या पाण्यावर हाच रुंद टायर लवकर तरंगायला लागतो.

तेव्हा तुमचं सगळं कुटुंब, डिकीतलं सामान आणि ती चारशे-सहाशे अश्वशक्ती जमिनीला धरून असते ती या चार पोस्टकार्डांच्या भरवशावर. इंजिन ढकलतं, ब्रेक चाक थांबवतो, पण गाडीला रस्त्यावर धरून ठेवतो तो टायरच.

तूप थिजतं, तसं रबर

आता थंडीकडे वळू. साजूक तुपाचा डबा उन्हाळ्यात ओट्यावर ठेवला तर तूप पळीने वाढता येतं. जानेवारीत त्याच डब्यात चमचा घातला तर चमचाच वाकतो. तूप तेच, डबाही तोच, फरक फक्त तापमानाचा. रबराचं असंच असतं. टायरचं रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दाबलं जातं, त्यात रुतून बसतं आणि लगेच सुटतं. पकड तयार होते ती त्यातून. त्यासाठी रबर मऊ असावं लागतं. रबर गार होऊन कडक झालं की ते खडबडीत रुतत नाही, वरून घसरत जातं.

उन्हाळी टायरसाठी ही सीमा ढोबळ मानाने ७ अंश सेल्सिअस मानतात. ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. कोरडा रस्ता असेल तर चांगला उन्हाळी टायर त्याखालीही बरं काम देतो. थंडी आणि ओल एकत्र आली की मात्र त्याचं पितळ उघडं पडतं. आणि लंडनच्या जानेवारीत या दोघी हातात हात घालूनच येतात. दुपारी पारा जेमतेम ८ अंशांच्या आसपास चढतो, रात्री दोन-तीनवर उतरतो. म्हणजे सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी परतताना आपण बहुतेक वेळा त्या सीमेच्या खालीच असतो.

ताकदवान गाड्यांना हे जास्त भोवतं, कारण त्यांचे टायर खास वेगासाठी केलेले असतात. काही गाड्यांवर तर कारखान्यातूनच रेसच्या मैदानाला जवळचे टायर येतात. कमी नक्षीचे, आणि तापल्यावरच चिकटणारे. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत टायरना विजेच्या दुलया गुंडाळून ठेवलेल्या तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. ते चोचले नव्हेत. ते टायर शंभर अंशांच्या आसपास तापले की मगच नीट काम देतात. आपल्या ड्राइव्हवर रात्रभर दवात भिजलेल्या टायरला दुलई कोण घालणार?

यावर तोड काढली ती फिनलंडच्या लोकांनी. जगातला पहिला हिवाळी टायर तिथल्या रबर कारखान्यात १९३४ साली तयार झाला. हाच कारखाना पुढे नोकिया समूहात गेला, ज्याचे मोबाइल एके काळी आपण सगळ्यांनी वापरले. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं घडवलेलं असतं आणि त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. नाव 'स्नो टायर' पडलं असलं, तरी बर्फ नसतानाही गार, ओल्या रस्त्यावर त्याचा उपयोग होतो.

आपल्या हाडात नसलेली थंडी

आम्हाला वाटतं, आपल्या लोकांच्या बाबतीत खरी गोम वेगळीच आहे. मुंबईत सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२चं. म्हणजे ज्या सीमेखाली रबर कडक व्हायला लागतं, तिच्याखाली मुंबईचा पारा नोंदींच्या इतिहासात कधी उतरलाच नाही! महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की त्याची वर्तमानपत्रात बातमी होते, यातच सगळं आलं.

आपल्याला रस्ता घसरतो हे ठाऊक आहे, पण ते पावसाचं. जूनच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिसळून खंडाळ्याचा घाट निसरडा होतो, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. पहिला पाऊस दिसला की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून उठतो. पण लख्ख ऊन, निळं आकाश, कोरडा दिसणारा रस्ता आणि पारा ३ अंशांवर, अशी सकाळ दिसली की आपलं मन म्हणतं, 'वा, काय सुंदर दिवस आहे!' आणि नेमक्या त्याच सकाळी झाडाच्या सावलीत किंवा पुलावर काळा, न दिसणारा बर्फ असू शकतो. डॅशबोर्डवर हिमकणाचं चिन्ह लागलं की ते शोभेचं समजू नये. हवा ३ अंश दाखवत असताना रस्ता शून्याखाली असू शकतो.

त्यात एजवेअरची भूगोलाने केलेली एक गंमत आहे. लंडनच्या मध्यावर राहणाऱ्याला वेग घ्यायला जागा मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास सिग्नलला थांबत जावं लागतं. आपण मात्र स्टेशन रोडच्या आसपासच्या गल्लीतून निघतो, एजवेअर वेला लागतो आणि थोड्याच वेळात एम १ च्या चौथ्या जंक्शनवरून उत्तरेकडे सुसाट. इंजिन गार, टायर गार, चालकही अर्धवट झोपेत, आणि मोटरवेवर मिसळण्यासाठी पाय मात्र खाली! दुसरी वाट ए ५ ची, म्हणजे रोमन लोकांच्या जुन्या वॉटलिंग स्ट्रीटची. ती कॅनन्स कॉर्नरपासून ब्रॉकली हिल चढते. चढावर मागची चाकं जोर लावतात, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीचं शेपूट हलतं ते अशाच ठिकाणी.

याच एम १ वर जून १९६४ मध्ये जॅक सीअर्स या शर्यतपटूने एसी कोब्रा गाडी १८५ मैलांच्या वेगाने पळवून पाहिली होती. तेव्हा मोटरवेवर वेगमर्यादाच नव्हती! ७० मैलांची मर्यादा आली ती डिसेंबर १९६५ मध्ये, त्या शरदातल्या धुक्यातल्या अपघातांनंतर. तरुण मंडळी सीअर्सची गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. त्यांना एवढंच सांगावं, की तो होता कसलेला शर्यतपटू, महिना होता जून आणि पहाटेचा रस्ता मोकळा.

पकडीचा पगार

टायरची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार समजा. वेग वाढवणं, ब्रेक मारणं आणि वळणं, तिन्ही खर्च त्यातूनच भागवायचे. वळताना निम्मा पगार खर्च झाला असेल आणि तेव्हाच अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर दिवाळं निघतं. थंडीत हा पगारच कापलेला असतो, आणि ताकदवान गाडीत खर्चाचा हात भारी सैल. 'अहो, पण आमच्या गाडीत कॉम्प्युटर आहे, तो सांभाळतो!' सांभाळतो खरं. पण हे कॉम्प्युटर उधळपट्टी थांबवतात, पगार वाढवत नाहीत. चारही चाकांना जोर असलेली गाडी बर्फातून निघते ऐटीत, पण थांबताना इतर गाड्यांइतकीच असहाय असते.

घसरणाऱ्या गाडीचं शास्त्र शिकवणारी शाळा आपल्या शेजारीच, हेंडनला होती. लंडनच्या पोलिसांची ड्रायव्हिंग शाळा तिथे १९३० च्या दशकात निघाली. १९३७ मध्ये अर्ल ऑफ कॉटनहॅम या शर्यतपटूने तिथल्या शिक्षणाला शिस्त लावली. मुद्दाम निसरड्या केलेल्या पटांगणावर पोलिसांना गाडी घसरवायला आणि सावरायला शिकवत. या पद्धतीवरचं 'रोडक्राफ्ट' हे पुस्तक १९५५ साली निघालं आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आजही मिळतात. त्याचं सार असं: आधी माहिती घ्या, मग रस्त्यावरची जागा ठरवा, मग वेग, मग गियर, आणि सगळ्यांत शेवटी अ‍ॅक्सिलरेटर. आपली पोरं नेमकी उलटीकडून सुरुवात करतात!

घरच्यांसाठी काही सूचना

१. थंडीत टायरमधली हवा आपोआप उतरते. तापमान १० अंशांनी घसरलं की साधारण दीड पौंड. महिन्यातून एकदा, गाडी गार असतानाच हवा तपासा.

२. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. २० पेन्सचं नाणं खाचेत उभं धरा. नाण्याची बाहेरची कड दिसत राहिली तर टायर तपासून घ्या. गोटा झालेल्या प्रत्येक टायरमागे २५०० पौंडांपर्यंत दंड आणि ३ पॉइंट होऊ शकतात. नवशिक्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द. म्हणजे दोन टायर पुरे!

३. टायरचं वय बघा. कडेला चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. हौसेची गाडी गॅरेजातच असते, नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. 'फास्ट अँड फ्युरियस'वाला पॉल वॉकर नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्या पोर्शेच्या अपघातात गेला, तिचे टायर ९ वर्षांचे होते. तपासात मुख्य कारण बेफाम वेग हेच ठरलं, पण टायरच्या वयाचाही उल्लेख झाला.

४. हिवाळी किंवा बारमाही टायर घेताना त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण असं चिन्ह पाहा. बदलायचे तर चारही बदला, आणि विमा कंपनीला कळवा. ब्रिटनमध्ये ते सक्तीचे नाहीत. पण नाताळात जर्मनीला मोटारीने जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे हिवाळी रस्त्यावर असे टायर कायद्यानेच लागतात.

५. निघाल्यावर पहिले काही मैल गाडीला सासरी नव्याने आलेल्या सुनेसारखं वागवा. जोर नको, घाई नको. विजेच्या गाडीला तर 'चिल' किंवा 'स्नो' मोडवर ठेवा.

६. हायवे कोडप्रमाणे ३० मैल वेगाला कोरड्या रस्त्यावर थांबायला २३ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट ठेवा, बर्फावर दहापट.

७. मागचा भाग घसरलाच तर ब्रेकवर उभे राहू नका. पाय अलगद उचला, जायचं आहे तिकडे नजर ठेवा. शेपूट उजवीकडे गेलं तर स्टिअरिंगही हलकेच उजवीकडे.

शेवटी आईवडिलांशी दोन शब्द. मुलाने गाडीचा हट्ट धरला की आपल्या घरात दोनच गोष्टींवर बोलणं होतं: हप्ता किती आणि विमा किती. यात तिसरा प्रश्न घाला: टायर कुठले, किती वर्षांचे, आणि हिवाळ्याचं काय? हिवाळी टायरचा चांगला संच घ्यायचा तर शेकड्यांनी पौंड मोजावे लागतात हे खरं. पण उन्हाळी टायर तेवढे महिने झिजत नाहीत, म्हणजे त्यातले बरेच पैसे पुढे परतच येतात. आणि ज्या घरी टायरचे पैसे जड वाटतात, त्या घरी ती गाडीच जड आहे, असं समजायला हरकत नाही. मुलगा कुरकुरेल, 'आई, तुला गाड्यांतलं काय कळतं?' म्हणेल. तेव्हा त्याला किचनमध्ये बोलवा आणि थिजलेल्या तुपाचा डबा हातात द्या.