दुर्गम भागात डॉक्टर टिकतो कशाने?

शासकीय निकषांनुसार सपाटीवर ३० हजार आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. मेळघाटात किंवा गडचिरोलीत ही लोकसंख्या पाड्यापाड्यांवर विखुरलेली असते, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा केंद्रावर नेमलेला वैद्यकीय अधिकारी बहुधा पंचविशीतला, नुकताच एमबीबीएस झालेला असतो. तो येतो, रुळू लागतो आणि पदव्युत्तर प्रवेश मिळाला की निघून जातो. यामागे सेवाभावाची उणीव आहे, असे म्हणायची पद्धत आहे. पण त्या निदानात फारसा अर्थ नाही.

डॉक्टर आणण्याचे जुने साधन म्हणजे बाँड. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर १० लाख रुपये भरायचे, अशी अट अनेक वर्षे होती. पदव्युत्तरांसाठी हाच आकडा ५० लाखांचा. बाँडने रिकामी जागा भरते, पण सुटकेच्या तारखेवर डोळा ठेवून बसलेल्याला गावाची नाडी कळायला सवड नसते. दुसरे साधन पैशाचे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना ‘एकस्तर’ म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, वर प्रोत्साहन भत्ता. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तर तज्ज्ञ डॉक्टरने आपला पगार स्वतः सांगावा, अशीही सोय झाली. तिसरे साधन गुणांचे: दुर्गम भागातल्या दर वर्षाच्या सेवेमागे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत मिळवलेल्या गुणांच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ३० टक्के, वाढीव गुण देण्याची तरतूद नियमांत आली. योजना उपयोगी होती, पण तिची गंमत अशी की गावात राहण्याचे बक्षीस म्हणून गाव सोडण्याचे तिकीट मिळते.

डॉक्टर का जातो, हे एखाद्या रात्रीच्या बाळंतपणात कळते. रक्तस्राव थांबत नाही, रक्तपेढी शंभर किलोमीटरवर, भूलतज्ज्ञ नाही, विचारायला वरिष्ठ नाही. रेफर करावे तर रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीला गेलेली, आणि रुग्ण दगावला तर नातेवाइकांसमोर उभा राहणारा तो एकटाच. त्यात रुग्ण माडिया किंवा कोरकू बोलणारा, म्हणजे दुखणेही परिचारिकेच्या तोंडून ऐकायचे. दिवस मावळला की गळके क्वार्टर आणि मोबाइलला रेंज नाही. लग्नानंतर प्रश्न बदलतात: जोडीदाराला काम कुठे, मुलांना शाळा कुठली? भत्त्याने यातले काहीच सुटत नाही.

ज्यांनी हे एकटेपण मोडले, त्यांच्याकडे माणसे राहिली. डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे १९७० च्या दशकात गडचिरोलीतल्या हेमलकशाला आले, ते जोडीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तीही जोडीनेच, आणि सोबत संशोधन होते. गावातल्याच आरोग्यदूत बायकांनी नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतल्याने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. डॉक्टरच्या डोक्यावरचे काम वाटले गेले आणि खेड्यात राहून वैद्यकशास्त्रात भर घालता येते, हेही दिसले. २००६ पासून ‘सर्च’चा ‘निर्माण’ उपक्रम तरुणांना अशा कामाची ओळख करून देतो. एकट्या उत्साहीला खेड्यात पाठवण्यापेक्षा समविचारी मित्रांचे जाळे आधी विणायचे, हे त्यातले मर्म.

शिक्षणाच्या टोकाकडूनही हा प्रश्न हाताळता येतो. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला काढलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी सुरुवातीलाच आश्रमात राहतात आणि गावातल्या कुटुंबांशी जोडले जातात. जपानने १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले ते याच कामासाठी. प्रत्येक प्रांतातून मोजके विद्यार्थी निवडायचे आणि पदवीनंतर सुमारे नऊ वर्षे त्यांनी आपल्याच प्रांतात सेवा दिली की शुल्क माफ. हाही बाँडच, पण परक्या मुलखातला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींतही ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यावर भर आहे: ज्याला भाषा येते आणि ज्याचे आईवडील शेजारच्या तालुक्यात आहेत, त्याची ओढ वेगळीच असते.

मुलांना शाळा कुठली, हा प्रश्न हेमलकशाने आपल्या परीने सोडवला. तिथे दवाखान्याबरोबर आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा उभी राहिली आणि आमटे दांपत्याची मुलेही त्याच शाळेत शिकली. त्यांपैकी दिगंत पुढे डॉक्टर झाले आणि आज ते पत्नी डॉ. अनघा यांच्यासह तिथल्याच दवाखान्यात रुग्ण पाहतात.