पंचांग, पोफळी आणि वाशिष्ठी

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. पावसाळ्याचे चार महिने साखर आणि डाळीची पोती माळ्यावर, हा अण्णांनी घालून दिलेला नियम. त्यांच्या हिशेबात पूर म्हणजे गुडघाभर, फार तर कमरेएवढं पाणी. २६ जुलै २००५ला तो हिशेब मोडला आणि २२ जुलै २०२१ला माळासुद्धा बुडाला. त्या दिवशी एसटी आगारातले अधिकारी आगाराची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसले होते. १८६४पासूनच्या आमच्या वाचनालयातही पाणी शिरलं. पुढचं सगळं पेपरात आलंच.

बाहेरगावचे व्यापारी भेटले की विचारतात, ‘एवढा कितीसा पाऊस पडला हो?’ मी म्हणतो, किती ते राहू द्या, कुठल्या वेळी पडला ते विचारा.

वाशिष्ठी उगवते सह्याद्रीच्या कड्याखाली, तिवरे गावाच्या बाजूला. २ जुलै २०१९च्या रात्री जिथलं धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली, तेच तिवरे. माथ्यापासून समुद्र सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास. माथ्यावर पडलेला थेंब पूर्वेकडे ओघळला तर तो कोयनेतून कृष्णेला मिळून चौदाशे किलोमीटर फिरत बंगालच्या उपसागराला जातो. तोच थेंब वीतभर पश्चिमेला पडला तर कडा उतरून काही तासांत आमच्या दारात. नदीला रमतगमत यायला मैदानच नाही. घाटपायथ्याशी उतार संपतो, पाण्याचा वेग मंदावतो, आणि नेमक्या त्या सपाटीवर चिपळूण वसलंय. बाजाराच्या कडेने शिवनदी वाहते, ती वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी चढली की शिवनदीचं पाणी पुढे जायचं थांबतं आणि उलटं फिरून गल्ल्यांमध्ये पसरतं. म्हणून पूर आमच्याकडे नदीच्या बाजूने येण्याआधी गटारातून येतो. हे नवख्या भाडेकरूला पटत नाही, तो पुलाकडे बघत बसतो.

त्यात कोयनेची भर. पूर्वेला जाणारं पाणी शिवाजीसागरात अडवून बोगद्यांनी पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात सोडलंय. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं. वीज तयार करून झाल्यावर उरणारं अवजल कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. म्हणजे निसर्गाने दुसऱ्या खोऱ्याला दिलेलं पाणीही आमच्या नदीच्या पदरात. उन्हाळ्यात याच अवजलावर नदी वाहती राहते, गावं आणि कारखाने पाणी पितात, त्यामुळे सरसकट शिव्या देणं मला पटत नाही. पण आषाढात घाटात धो धो लागलेली असताना तेच पाणी नदीला झेपतं का, यावर दर वर्षी बाजारात वाद होतो. तो वाद व्हायलाच हवा.

तिसरा हिशेब समुद्राचा. दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत चढतं. अण्णांना गुजराती व्यापाऱ्यांचे भाव तोंडपाठ असायचे तशा भरतीच्या वेळाही. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती, मग रोज पाऊण तास पुढे. त्या दिवसांत उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. खाडीत आत यायला भरतीला आणखी वेळ लागतो. उधाण चढत असताना घाटाचं पाणी खाली आलं तर त्याला बाहेर पडायला वाट नाही. सुकती लागेपर्यंत ते शहरात थांबतं. २२ जुलै २०२१ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, गुरुपौर्णिमा तोंडावर आलेली. त्याच चोवीस तासांत पलीकडे महाबळेश्वरला जवळजवळ सहाशे मिलीमीटर पाऊस झाला. पहाटे पाणी बाजारात शिरलं, तेव्हा दिवसाची भरती अजून यायचीच होती.

आता गाळ. पूर्वी नदी खोल होती असं सगळेच म्हातारे म्हणतात, पण बेटं तर मीही वाढताना पाहिली आहेत. आधी नुसती वाळू, मग लव्हाळा, मग झाडं. डोंगरावरची खासगी जंगलं तोडली जातात, रस्त्यांसाठी लाल माती उकरली जाते आणि पहिल्या पावसात ती पऱ्यांतून खाली येते. २०२१च्या डिसेंबरात गावकऱ्यांनी उपोषण केल्यावर गाळ काढायच्या कामाला जोर आला, यंत्रं उतरली. चांगलं झालं. पण काठावरच रचलेला गाळ पुन्हा नदीतच जातो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

सरकारने निळी आणि लाल पूररेषा आखली. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. तसं नसतं, दर वर्षी शंभरात एक शक्यता, गेल्या वर्षी काय झालं याच्याशी संबंध नाही. आणि ही शक्यता जुन्या पावसावरून काढलेली. या रेषांनी जुन्या बाजाराची झोप उडवली आहे. उठून वर जा म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांना बाजार इथे का बसला ते ठाऊक नाही. गोवळकोटच्या धक्क्याला भरतीवर गलबतं लागायची, कुंभार्ली घाटातून कऱ्हाडकडचा माल उतरायचा, आणि दोन्ही जिथे भेटायचे तिथे पेठ उभी राहिली. ज्या भरतीने गाव बुडतं, तिनेच ते वसवलं.

माझं मागणं साधं आहे. घाटातला दर तासाचा पाऊस, कोळकेवाडीतून सुटणारं पाणी आणि दाभोळच्या भरतीची वेळ, हे तिन्ही आकडे एकाच फलकावर, बाजारात दिसतील असे लावा. आज ते वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. तोवर मी पंचांग बघतो आणि पोफळीच्या मेहुण्याला फोन लावतो. रात्री दोनला लावला तरी तो उचलतो. त्याचं सासर इथलंच, बाजारातलं.