सवत गाण्यात, नजर शाहिरावर

वरातीत डीजेवर ‘देस्पासितो’ लागलं की नागपुरातले पोट्टे अंगात आल्यागत नाचतात. 2017 चं हे स्पॅनिश गाणं. कळत एकालाही नाही. या गाण्याचं घराणं रेगेटॉनचं. जमैकाचा रेगे पनामात स्पॅनिशमधून गायला गेला आणि 1990 नंतर प्युर्टो रिकोच्या गरीब वस्त्यांत त्याला आजचं रूप मिळालं. विषय बरेचदा हे दोन: तिची ओढ, अन् तिच्या सध्याच्या यारावर कुरघोडी.

भाऊबीजेनंतर भंडारा-गोंदियाकडच्या मंडया, म्हणजे जत्रा, पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तिथं रात्री खडी गंमत हे लोकनाट्य उभं राहतं. सगळा खेळ उभ्यानंच, म्हणून ‘खडी’. नाच्या म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. आणि ‘दुय्यम’ असली की दोन फड समोरासमोर: कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला.

अशाच एका दुय्यममध्ये नाच्यानं पदर खोचला आणि लावणीत सवतीच्या नावानं बोटं मोडली. सवत काही मंचावर नव्हती. त्याची नजर होती पलीकडच्या शाहिरावर, जो शेकोटीवर डफ शेकत सगळं ऐकत होता. एका तडाख्याला त्याचा डफ विस्तवावरच थांबला. माझ्या शेजारचे आजोबा पुढे सरकले, “आता पाय बावा, हा कसा फेडते!”

माझ्या मते खरी गंमत इथं आहे. सवत हे निमित्त; टोला समोरच्या शाहिराला. रेगेटॉनवाल्यांकडे अशा गाणेफेकीला ‘तिरायेरा’ म्हणतात, फेकणं या अर्थाच्या क्रियापदावरून. तिथंही गायक गायकाला गाठतो, अन् प्रेयसी बरेचदा पणाला लावलेल्या वस्तूसारखी मुकी राहते. लावणीतली बाई निदान बोलते तरी. अर्थात शब्द बहुधा पुरुषाचे आणि खडी गंमतीत लुगड्यातही पुरुषच. तिकडे बाईच्या मुकेपणाची ही कोंडी गायिका आयव्ही क्वीननं 2003 च्या ‘क्येरो बायलार’मध्ये फोडली: नाचेन मनसोक्त, पण त्याचा भलता अर्थ काढू नकोस, असं ती नाचणाऱ्याला बजावते.

त्या रात्री आजोबा उत्तरासाठी पहाटेपर्यंत बसले. उजाडता दोन्ही शाहीर एकाच टपरीवर, एकाच बाकावर चहा पीत होते. डफ बाकाखाली, गार पडलेले.